सापाची गाडी

"वहिनी, तुमच्याकडे केस वाळवायचा ड्रायर आहे का?"

सदानंद मगदूमांनी अंगणातून विचारलं आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा गृहस्थ आमची गाडी न्यायला आलेला. व्यवहार झालेला, कागदांवर सह्या झालेल्या, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून झालेला. आता ड्रायर कशाला?

"तुम्हाला केस कुठायत?" मी म्हणाले.

मगदूम हसले आणि टकलावरून हात फिरवला. डॉक्टर गेल्यापासून माझ्या तोंडून निघालेली ती पहिलीच थट्टा असावी. माझी मलाच ती ऐकून लाज वाटली. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. सगळा गाव त्यांना डॉक्टर म्हणायचा आणि मीही डॉक्टरच म्हणायची. त्या वर्षी आषाढात, दवाखान्यात पेशंट तपासता तपासता ते टेबलावर डोकं टेकून गेले.

"मागचं चिन्ह काढून घेतो म्हटलं," मगदूम म्हणाले. "डॉक्टरांच्या गाडीला ते ठीक होतं. मी ठिबकच्या पाइपा विकणारा माणूस. उद्या रस्त्यात कुणी अडवून नाडी पुढं केली, तर काय सांगू?"

चिन्ह म्हणजे डॉक्टर लोकांच्या गाडीवर असतं ते. दंड आणि त्याला वेढे घातलेला साप. बहुतेकांचं कागदी असतं, काचेवर डकवलेलं. आमचं मात्र चकचकीत धातूचं होतं, वीतभर उंचीचं, पांढऱ्या गाडीच्या डिकीवर पक्कं चिकटवलेलं. गाडी घेतली तेव्हा मीच ते मिरजेहून हौसेनं आणलं होतं. डॉक्टरांनी नाक मुरडलं होतं. "हा साप कशाला मागे लावून देतेस? माणसं भितील." पण मी ऐकणारी नव्हते. डॉक्टरची बायको असल्याचा मला भारी तोरा होता, आणि तो कुठे मिरवायचा तर गाडीवरच.

मी ड्रायर आणून दिला. मगदूमांनी खिडकीतून वायर आत सोडली आणि खिशातून नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ काढलं.

"ही तंगूस. नदीवर मासे धरतात ना, ती," ते मोठ्या उत्साहानं सांगायला लागले. "लोक काय करतात, स्क्रूड्रायव्हर घालतात आणि उचकटतात. मग रंगाचे पोपडे निघतात, पत्रा उघडा पडतो. तसं नाही करायचं. आधी गरम वारा द्यायचा, आतला गोंद मऊ पडतो. मग ही तंगूस चिन्हाच्या मागनं सरकवायची आणि दोन्ही टोकं धरून करवतीगत ओढायची. राहिलेला गोंद अंगठ्यानं चोळायचा, वर खोबरेलाचं बोट. नखाएवढाही रंग जात नाही, वहिनी. मेहुण्याच्या गाडीचं मीच काढलंय."

त्यांनी ड्रायर सुरू केला. मी पायरीवर उभी होते. थोड्या वेळानं त्यांनी तंगूस दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळली आणि सापाच्या शेपटीखाली घातली. ती आत शिरताना मला दिसली, आणि माझा धीर सुटला.

"थांबा," मी म्हणाले. "रंग जाईल."

"नाही जाणार हो. बघा तर."

"जाईल. उन्हात उभी असायची ती. रंग कच्चा झालाय. राहू द्या."

"वहिनी, पण..."

"वर्षश्राद्धापर्यंत राहू द्या, मगदूम. मग काढा."

आता खरं कारण त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर रोज त्यांच्या घरी जायचे, एक दिवस चुकले नव्हते. ते उपकार जाणणारा माणूस मला नाही कसं म्हणणार?

"बरं," ते म्हणाले आणि तंगूस पुन्हा रिळावर गुंडाळू लागले. "तुम्ही सांगेपर्यंत हात लावत नाही. शब्द देतो."

मग रोज सकाळी ती गाडी आमच्या दारावरून जायला लागली. मगदूमांचं दुकान नाक्यावर, त्यांचा रस्ता आमच्याच पुढून. मी तुळशीला पाणी घालायला त्याच वेळी बाहेर येई. गाडी येताना मी मान खाली घालायची, कारण पुढच्या काचेत मगदूमांचं टक्कल दिसे. गाडी पुढे गेली की मान वर करायची. मग नुसती पांढरी गाडी, तिच्या पाठीवरचा साप, आणि वळण. डॉक्टर व्हिजिटला निघाले आहेत, जेवायला उशीर होणार, भात नंतर लावावा. एवढं क्षणभर वाटलं की माझा दिवस धड जायचा. वेडेपणाच होता तो, पण मला तेवढा हवा होता.

आमच्याकडे तो कारखान्याच्या हंगामाचा काळ. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड्यांच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या मागे पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि वसंतात सगळे परत जातात. डॉक्टरांचा या लोकांवर फार जीव. सुरुवातीला एकदा एक बाई तापानं फणफणलेलं पोर घेऊन दिवसभर त्यांच्या मागे हिंडली होती. दवाखान्यात गेली तर ते वाडीवर, वाडीवर गेली तर ते कारखान्यात. संध्याकाळी गाठ पडली तेव्हा पोराला फेफरं आलेलं. पोर वाचलं, पण डॉक्टर त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या खोप्यांतून सांगत फिरले, "माझ्या मागं पळायचं नाही. माझी गाडी कुठं उभी दिसली की तिच्यापाशी बसायचं. तिथनं हलायचं नाही. मी कुठंही असलो तरी गाडीपाशी येणारच."

ते त्या लोकांच्या मनात इतकं बसलं की दरसाल नवी माणसं यायची त्यांना जुनी माणसं पहिलं हेच शिकवायची. आणि गाडी ओळखायची खूण काय? नंबर कुणाला वाचता येणार? पाठीवर साप असलेली पांढरी गाडी. सापाची गाडी म्हणायचे ते तिला. त्यातल्या काहींना तर वाटायचं, हा डॉक्टर खास सापाचाच आहे. ऊस तोडताना घोणस निघतेच. डॉक्टर हसायचे, पण पुढे त्यांनी सर्पदंशाची इंजेक्शनं दवाखान्यात कायम ठेवायला सुरुवात केली. मला म्हणायचे, "तुझ्या हौसेपायी हे लागलं माझ्या मागे."

हे सगळं मला माहीत होतं, हे मी मुद्दाम सांगते आहे. डॉक्टर गेले ते पावसाळ्यात. टोळ्या तेव्हा आपापल्या गावी. त्यांना कळवणार कोण? आणि त्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास खोप्यांमधून पहिला धूर निघालेला मी गच्चीवरून पाहिला होता. पाहिला आणि वाळलेले कपडे घेऊन खाली आले.

त्यानंतर लगेचच एका दुपारी दगडूतात्या धापा टाकत आले. तात्या म्हणजे डॉक्टरांचे कंपाउंडर. दवाखाना बंद झाला तरी रोज कुलूप बघून जाणारे.

"कळलं का वहिनीसाहेब?" ते पायरीवरच बसले. "त्या मगदुमानं माणूस घालवला!"

"काय झालं?"

तात्यांनी सांगितलं ते असं. बन्सी नावाच्या ऊसतोड्याला सकाळी फडात घोणस चावली. त्याची बायको आणि दीर त्याला बैलगाडीत घालून आमच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत मंगल कार्यालय लागतं. तिथे मगदूमांच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि बाहेर लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती.

"तिथंच उतरले की हो ते! गाडीला टेकून बसले. सरकारी दवाखाना तिथनं हाकेच्या अंतरावर, पण उठायचं नाव नाही. आत वाजंत्री चाललेली. गेटवरच्या माणसाला वाटलं, पंगत उठल्यावर उरलंसुरलं मागायला आलेत. त्यानंही विचारलं नाही. मंगलाष्टकं झाली, पंगती झाल्या. मगदूम आत जिलबीचा आग्रह करत फिरतोय! विडा खात बाहेर आला तेव्हा ती बाई त्याला विचारते, डॉक्टर जेवले का म्हणून."

"मग?"

"मग काय, त्याच गाडीत घालून पळवलं त्यानं. सरकारीतनं पुढं सांगलीला. पण तोवर विष अंगभर झालेलं. दोन्ही किडन्या बसल्यात म्हणे. आता काय राम नाही त्यात."

"वेळेवर नेलं असतं तर..."

"वाचला असता! डॉक्टरांनी अशी किती माणसं वाचवली, मी काय बघितली नाहीत?" तात्यांचा आवाज चिरका झाला. "आणि हा चोर त्यांचं चिन्ह मिरवत फिरतोय. पोलिसांनी अडवू नये, जकात नाक्यावर सलाम मिळावा म्हणून ठेवलंय त्यानं ते. सगळा बाजार तेच बोलतोय."

मी तात्यांना पाणी आणून दिलं. तात्या ते गटागटा प्याले. आता सांगावं, आता सांगावं, असं मनात चाललं होतं. भांडं परत घेताना मी मान वर केली नाही, आणि तात्यांना वाटलं, मला डॉक्टरांची आठवण आली. "रडू नका," ते म्हणाले. मी रडत नव्हते. मी मूग गिळून बसले होते.

बन्सी दोन-तीन दिवसांनी सांगलीच्या दवाखान्यातच गेला.

गाडी माझ्या दारावरून जायची थांबली. मगदूम दुकानात सायकलवरून जायला लागले. मी तुळशीपाशी उभी असले की ते मान खाली घालून पुढे जात. बाजारात लोक त्यांना तोंडावर बोलत होते. भाजी घेताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कुणी तरी मागून ओरडलं, "काय डॉक्टर, आज कुठं व्हिजिट?" मगदूम थांबले नाहीत, वळले नाहीत. त्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग एका सकाळी दाराशी गाडीचा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. मी धावत बाहेर आले. मगदूम उतरले आणि त्यांनी मागचं दार उघडून धरलं. आतून एक बाई उतरली. काळीसावळी, हडकुळी, माझ्या मुलीच्या वयाची. कपाळ मोकळं. डिकीवर, चिन्हाच्या जागी, कॅलेंडरचं पान उलटं करून चिकटपट्टीनं लावलं होतं.

"ही सोजर," मगदूम म्हणाले. "बन्सीची बायको. तुम्हाला भेटायचंय म्हणाली."

तात्याही नेमके तेव्हाच कुलूप बघून परत येत होते. मगदूमांना पाहून ते फाटकातच थबकले.

सोजर पायरीवर बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही. मी खाली तिच्याशेजारी बसले.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं कुकू गेलं अन् आमाला ठावं न्हाई. आमी तिकडं व्हतो. ठावं असतं तर उतरल्या उतरल्या आलो असतो भेटाया. लई चांगला मानूस. माज्या थोरल्याला त्येनीच वाचिवलं."

ती माझं सांत्वन करायला आली होती.

"तू इतकं... तुझं एवढं झालं आणि..."

"आमचा कोयता मोडला," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "आमी तितंच बसलो, बाई. दीर म्हनत व्हता, म्होरं जाऊ. ह्येच म्हनले, न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय, गाडी सोडायची न्हाई. लई तळमळत व्हते, पर हात त्या सापावर ठिवलेला. येतील म्हनले. दवाखान्यात बी शुद्धीवर आले की इचारायचे, आले का म्हनून."

तात्यांना राहवेना. ते पुढे आले. "ऐकलंत मगदूम? ऐका! तुमच्या मिरवण्यापायी—"

"चुकलं माझं," मगदूम म्हणाले. गाडीच्या किल्लीकडे बघत म्हणाले.

"चुकलं म्हणून भागतं का? माणूस आला का परत?"

"नाही भागत तात्या. मी कुठं भागतं म्हणतोय?"

मी मगदूमांकडे पाहिलं. त्यांनी चुकूनसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही. या माणसानं ड्रायर मागितला होता, तंगूस घातली होती, निम्मं काम झालं होतं. मला वाटलं, हा माणूस आता आयुष्यभर असाच किल्लीकडे बघत उभा राहील, आणि मी तुळशीला पाणी घालत राहीन.

"तात्या, गप्प बसा," मी म्हणाले. "ते काढत होते. मीच काढू दिलं नाही."

तात्या माझ्याकडे बघत राहिले.

"वहिनी, असू द्या हो," मगदूम पुटपुटले.

"नाही असू द्यायचं." मी सोजरकडे वळले. "सोजर, ऐक. गाडी विकली त्या दिवशी हे चिन्ह काढायला बसले होते. मी म्हटलं, रंग जाईल, राहू द्या. ते मी ठेवलं."

ती माझ्याकडे बघत होती. तिला पहिल्यांदा नीट कळलं नसावं. मग कळलं. तिचा चेहरा रागानं लाल झाला नाही, काही नाही. नुसता मिटत गेला.

"का वो बाई?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. तिच्यापुढे खोटं बोलणं मात्र शक्य नव्हतं. "सकाळी गाडी दारावरनं गेली की ते व्हिजिटला निघालेत असं वाटायचं. तेवढ्यासाठी. दुसरं काही नाही."

तात्यांनी टोपी काढून हातात धरली. सोजर बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी चोळत बसली. ती मला शिव्या देईल, कपाळ बडवेल, निदान उठून जाईल, असं मला वाटत होतं. मी त्याची वाट बघत होते. तिनं क्षमा करावी असं मात्र मनात आलं नाही, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

शेवटी ती म्हणाली, "मंग काढा की आता. आमच्या मागनं पाटोद्याची टोळी उतरायची हाय. त्यास्नी बी ह्येच ठावं हाय."

कागद लावून मगदूमांनी चिन्ह झाकलं होतं. पण कागद काय, एका वाऱ्यात उडाला असता. आम्ही तिघं शहाणी माणसं आपापला अपराध कुरवाळत बसलो होतो, आणि जिचं सगळं गेलं होतं तिला पुढच्या टोळीची काळजी होती.

मी आत गेले. तिला काही तरी द्यावं म्हणून सवयीनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि ड्रायर घेऊन बाहेर आले. मगदूमांनी खिशात हात घातला. रीळ खिशातच होतं. तेव्हापासून ते तसंच घेऊन हिंडत असावेत.

"द्या इकडे," मी म्हणाले.

त्यांनी कागद काढला. साप लखलखीत होता, मिरजेच्या दुकानातून आणला तसा. मगदूमांनी ड्रायर धरला. मी तंगूस तोडून घेतली, पण ती शेपटीखाली जाईना. दोनदा निसटली. तेवढ्यात सोजर उठली. पदर खोचून गाडीपाशी आली. तिनं तंगुशीचं एक टोक माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या बोटांना गुंडाळलं. मोळ्या आवळून घट्टे पडलेली बोटं होती ती.

"वढा," ती म्हणाली.

मी ओढलं. तिनं ओढलं. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे. शेपटी सुटली, मग एकेक वेढा सुटत गेला, मग दंड, आणि शेवटी फणा. चिन्ह अलगद माझ्या ओंजळीत पडलं, गरम गरम. मगदूमांनी उरलेला गोंद अंगठ्यानं चोळून काढला. मी आतून खोबरेलाची बाटली आणायला गेले, तर आधणाला अजून उकळीही आली नव्हती.

बाटली घेऊन परत आले तेव्हा सोजर डिकीसमोर उकिडवी बसली होती. बन्सीनं जिथे हात ठेवला होता, त्या जागेवरून ती तळहात फिरवत होती, सावकाश, वरून खाली आणि खालून वर, कुठे काही हाताला लागतं का ते बघत. काही लागत नव्हतं. साधा ओरखडा नव्हता.

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"रंगाला काय बी झालं न्हाई, बाई," ती म्हणाली.